घांस आणि घर

सन २०२२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २० तारखेस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें एक हुकूम केला. नागपूर शहरांतील मोकाट कुत्र्यांचा उपद्रव हा त्या वादाचा विषय होता. हुकुमांतील एक कलम असें होतें कीं, ज्यास अशा कुत्र्यांस अन्न घालावयाचें असेल त्यानें तें रस्त्यावर किंवा बागेंत घालूं नये. त्यानें तो कुत्रा रीतसर दत्तक घ्यावा, महानगरपालिकेंत त्याची नोंद करावी, त्यास आपल्या घरीं न्यावें अथवा एखाद्या निवाऱ्यांत ठेवावें, आणि मग त्यास खुशाल पोटभर जेवूं घालावें. हा नियम मोडणारास २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पुढें महिना पुरा होण्याच्या आंतच, १६ नोव्हेंबर रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें दत्तकाची ही सक्ती व तो दंड यांस स्थगिती दिली.

म्हणजे तो हुकूम उणेपुरे २७ दिवस टिकला. परंतु तेवढ्या अवधींत त्यानें नागरिकांपुढें असा एक प्रश्न उभा केला कीं, स्थगितीनें तो मिटूं शकत नाहीं. जो घांस देतो त्यानें घरही दिलें पाहिजे काय? आणि देणें उचित असेल, तर तें घर हुकुमानें देतां येतें काय? एका पक्षास पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतकें उघड वाटलें कीं, त्यानें दुसऱ्या प्रश्नाचा विचारच केला नाहीं. दुसऱ्या पक्षास सक्तीचा राग इतका आला कीं, त्यानें पहिला प्रश्न कानांआड केला. आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. त्यांचा इतिहास थोडक्यांत पाहिला, तर रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांस घर शोधून देणें ह्या कामाचें खरें स्वरूप काय तें ध्यानांत येईल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम हुकुमांतील एका शब्दाकडे लक्ष देऊं. तो शब्द म्हणजे ‘दत्तक’. नागपुरांत हा शब्द हलका नाहीं. तिसरे रघूजी भोसले हे १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले, त्यांच्या मागें राजघराण्यानें केलेलें दत्तविधान कंपनी सरकारनें मानलें नाहीं, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. ज्या नगराचें राज्य दत्तकाच्या प्रश्नावरून गेलें, तेथील माणसास दत्तक म्हणजे काय हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. दत्तक म्हणजे दया नव्हे, दान नव्हे. तो एक कायमचा संबंध आहे. घेतलेला पुत्र आवडेनासा झाला म्हणून परत करतां येत नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तकविषयक कायद्यानेंही हाच जुना नियम स्पष्ट शब्दांत सांगितला आहे कीं, एकदां कायदेशीर झालेलें दत्तविधान रद्द करतां येणार नाहीं. कुत्र्यामांजरांच्या बाबतींत हा शब्द आज सर्वत्र वापरला जातो. पण कायद्याच्या दृष्टीनें तीं बिचारीं अजून ‘मालमत्ता’च आहेत, आणि मालमत्ता टाकून देतां येते. शब्द पुत्राचा आणि वागणूक वस्तूची, ह्या विसंगतींतच पुढच्या सर्व दुःखाचें मूळ आहे.

आणखी तीन शब्द पाहण्यासारखे आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यास आपण ‘भटका’ म्हणतों, ‘मोकाट’ म्हणतों व ‘बेवारशी’ही म्हणतों. पहिल्या दोहोंत दोष कुत्र्याकडे जातो: तो भटकतो, तो मोकाट सुटतो. तिसरा शब्द मात्र प्रामाणिक आहे. बेवारशी म्हणजे ज्यास वारस नाहीं. ही उणीव कुत्र्याची नव्हे, माणसाची आहे.

आमच्या पूर्वजांनीं ह्या उणिवेची भरपाई आपल्या परीनें केली होती. वैश्वदेवाच्या वेळीं गाय व कावळा यांच्याप्रमाणें कुत्र्याचाही बळी काढून ठेवण्याची चाल होती. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार श्वान बसलेले सर्वांनीं पाहिले आहेत. खंडोबाच्या परिवारांत कुत्रा आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेवराय प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें शाहू छत्रपतींच्या ‘खंड्या’ नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. वाघाच्या तडाख्यांतून त्यानें महाराजांस वांचविलें, आणि महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, असें सांगतात. परंतु खंड्यासारखा एखादा भाग्यवान् सोडला, तर कुत्र्यास मिळे तो घांस, घर नव्हे. त्याची मर्यादा अंगणापर्यंत, फार तर ओसरीपर्यंत. मांजराची गोष्ट थोडी निराळी. उंदरांमुळें त्यास स्वयंपाकघरापर्यंत वाट मोकळी होती, आणि त्याच्या हत्येस एवढें पाप चिकटविलें होतें कीं, काशीस जावें व सोन्याचें मांजर दान करावें असें प्रायश्चित्त म्हातारीं माणसें सांगत.

ह्या व्यवस्थेस आजच्या दृष्टीनें हंसणें सोपें आहे. पण ती अगदींच पोकळ नव्हती. खेड्यांतला कुत्रा एका घराचा नसला तरी एका आळीचा असे. शिळी भाकरी चार घरें घालीत, आणि तो चारही घरांची राखण करी. आळी मोठी झाली, तिचें शहर झालें, भाकरीच्या तुकड्याच्या जागीं उकिरड्याचा ढीग आला. तेव्हां अन्न वाढलें, कुत्रीं वाढलीं, पण तीं कोणाचीं हें सांगणारें मात्र कोणी उरलें नाहीं. घांस शिल्लक राहिला, नातें गेलें. प्रश्नाचा आरंभ येथें आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रांत प्रथम मुंबईनें अनुभविला, आणि तोही रक्त सांडण्याच्या बेतापर्यंत. कंपनी सरकारच्या अमदानींत १८१३ च्या एका नियमान्वयें, उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची मोकळीक होती. १८३२ सालीं मॅजिस्ट्रेटांनीं ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविली. दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम होतें; तेव्हां आठ आण्यांच्या लोभानें धन्याच्या दारांतला कुत्राही सुरक्षित राहिला नाहीं. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान पवित्र आहे. मृताच्या अंत्यविधींत त्याची दृष्टि पडावी लागते. जूनच्या ६ तारखेस कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर लोक धांवून गेले. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं, पारशांबरोबर हिंदु, जैन वगैरे लोकही हरताळांत आले, पलटणीकडे जाणारी रसद अडली, आणि अखेर सरकारास फौज आणावी लागली. त्या वेळीं मध्यस्थी करणाऱ्या प्रतिष्ठितांत जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते.

बंडाळ्या पुष्कळ होतात व विसरल्या जातात. हिचें महत्त्व हें कीं, तिच्या मागोमाग एक संस्था जन्मास आली. १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व जैन व्यापारी शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानें मुंबईस पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीची कल्पना गुजराथेंत जुनी. पण मुंबईस तिचें तात्कालिक कारण गाईचें नव्हतें, सरकारी हुकुमानें मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांसारख्या प्राण्यांचें होतें, ही गोष्ट आज फारच थोड्यांच्या स्मरणांत आहे. भुलेश्वरच्या गर्दींत ती पांजरपोळ आजही आहे, आणि तिच्याकडे जाणारा मनुष्य आज गाईस चारा घालण्यास जातो.

पुढें २६ वर्षांनीं, १८६० सालीं, लंडनच्या हॉलोवे भागांत मेरी टीलबी नांवाच्या बाईनें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक आश्रम काढला. १८७१ सालीं तो बॅटर्सी येथें गेला, आणि १८८३ पासून मांजरांसही तेथें जागा मिळूं लागली. ही संस्था आज जगप्रसिद्ध आहे. काळाच्या हिशेबानें आमची पांजरपोळ वडील. परंतु दोहोंच्या हेतूंत एक मोठा भेद आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म त्या भेदांतच आहे. पांजरपोळींत गेलेला प्राणी तेथें मरेपर्यंत राहावयाचा. त्यास मरूं न देणें हें तिचें व्रत. बॅटर्सीच्या आश्रमांत आलेला कुत्रा तेथून बाहेर पडावा, त्याचा जुना धनी सांपडावा, न सांपडल्यास नवा मिळावा, हा तेथील उद्योग. पहिली संस्था प्राण्यास आश्रय देते, दुसरी त्याच्यासाठीं घर शोधते. त्या आश्रमांतही ज्यांस कोणी नेलें नाहीं अशा असंख्य कुत्र्यांस अखेर मरण आलें, हें खरें. तेथील दयेस आमच्या दयेहून थोर म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ‘हा प्राणी कोणाचा होईल?’ हा प्रश्न तेथें नित्य विचारला गेला, तसा तो आमच्याकडे फार दिवस विचारला गेला नाहीं. आमची दया अन्नछत्राची होती. तिनें सर्वांस जेवूं घातलें आणि कोणासच ओळखलें नाहीं.

नागपूरही ह्यास अपवाद नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें शहर गोरक्षणाच्या चळवळीचें मोठें ठाणें होतें. वृद्ध व भाकड गुरांस येथें ठिकाणा मिळाला. पोळ्याच्या दिवशीं बैलांची पूजा होते. कुत्र्याच्या वांट्यास मात्र सण आला नाहीं आणि ठिकाणाही आला नाहीं. त्याच्या बाबतींत दया व भीति यांचें भांडण होतें, आणि ती भीति खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें होणारा रोग एकदां अंगांत प्रगट झाला कीं मनुष्य बहुधा वांचत नाहीं, हें तेव्हांही खरें होतें व आजही खरें आहे. १८८५ सालीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यानें दंश झालेल्या मुलास लस टोंचून वांचविलें. १९०० सालीं हिंदुस्थानांत कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. तरीही कित्येक वर्षें दंश झालेल्या मनुष्यास आगगाडीनें दूरचा प्रवास करून उपचार गांठावा लागे. ज्याचें मूल अशा प्रवासांत दगावलें, त्यास भूतदयेचें प्रवचन सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

दया व भीति यांच्या ह्या भांडणांत अगदीं अनपेक्षित बाजूनें एक मोठा आवाज उठला. १९२६ सालीं अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनीं आपल्या गिरणीच्या आवारांत जमलेलीं ६० कुत्रीं मारविलीं. अहिंसेचे उपासक म्हणून लोकांनीं गांधीजींकडे दाद मागितली, तों त्यांनीं साराभाईंचीच बाजू घेतली. रागावलेल्या पत्रांचा पाऊस पडला, आणि ‘यंग इंडिया’ पत्रांत ओळीनें अनेक लेख लिहून त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें. त्याचा आशय असा: धन्यावांचून फिरणारा कुत्रा हें समाजाच्या दयेचें नव्हे, त्याच्या अनास्थेचें चिन्ह आहे, वाटेवर तुकडा फेंकून पुण्य जोडणें ही दयेची विकृति होय, ज्यास कुत्र्याचें प्रेम आहे त्यानें तो पाळावा, त्याची जबाबदारी घ्यावी, किंवा तशी संस्था चालवावी. हेंच गांधीजी पुढें १९३६ सालीं वर्ध्याजवळ सेवाग्रामास, म्हणजे आमच्या दारांतच, येऊन राहिले. २०२२ सालचा नागपूरचा हुकूम वाचतांना १९२६ च्या त्या लेखांची आठवण होणें अपरिहार्य आहे. विचार तोच: घांस देतोस तर घर दे.

ह्या विचारांत एक सत्य आहे आणि एक चूक आहे. सत्य हें कीं, घांस स्वस्त आहे. रोज सायंकाळीं पोळीचे दोन तुकडे टाकून जो समाधान मिळवितो, त्यास त्या कुत्र्याच्या खरजेशीं, त्याच्या नऊ पिलांशीं, अथवा त्यानें शेजारच्या मुलास चावल्याशीं संबंध ठेवावा लागत नाहीं. चूक ही कीं, घर म्हणजे केवळ छप्पर, आणि ज्याच्यापाशीं छप्पर आहे व ज्याच्या मनांत दया आहे तो घर देऊं शकतो, असें ह्यांत गृहीत धरलें आहे. भाड्याच्या एका खोलींत राहणारी विधवा दहा कुत्र्यांस भात घालते. तिनें दहाही घरांत घ्यावे म्हटल्यास दहा कुत्र्यांस घर मिळत नाहीं, अकरा जीवांचें घर जातें.

कायदा ह्या दोन टोंकांच्या मध्यें हळूहळू येत गेला. १८९० च्या क्रूरतानिवारक कायद्याची जागा १९६० च्या कायद्यानें घेतली. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यांत मोकाट कुत्रीं मारण्याचें कलम होतेंच. परंतु २००१ सालीं केंद्र सरकारनें नवे नियम केले, आणि मारण्याऐवजीं कुत्र्यांची नसबंदी करावी, लस टोंचावी व पकडलें तेथेंच परत सोडावें, असें धोरण ठरलें. २०२३ सालीं ते नियम नव्यानें लिहिले गेले, आणि अन्न घालण्याच्या जागा नेमून देण्याची व्यवस्था त्यांत आली. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पुन्हा मोठी खळबळ झाली. ११ ऑगस्टला एका खंडपीठानें दिल्ली परिसरांतील सर्वच कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितलें. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानें तें बदलून, पिसाळलेलीं व हिंस्र कुत्रीं सोडून बाकीचीं नसबंदीनंतर आपल्या जागीं परत न्यावीं, असें ठरविलें. त्याच आदेशांत, ज्यास इच्छा असेल त्यानें पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी घेणारावर राहील, असें म्हटलें आहे. पुढें ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयें, स्थानकें अशा जागांतून उचललेलीं कुत्रीं तेथें परत सोडूं नयेत, असाही आदेश झाला. नागपूरच्या हुकुमांतलें ‘घ्यावेंच’ जाऊन ‘इच्छा असेल त्यानें घ्यावें, पण घेतलें तर सोडूं नये’ हें आलें. तीन वर्षांत एवढें अंतर तोडलें गेलें. आमच्या मतें हीच ह्या इतिहासाची योग्य दिशा आहे.

आतां संख्येचा विचार करूं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत मोकाट कुत्रीं सुमारें १ कोटि ५३ लक्ष भरलीं. त्यांपैकीं १२ लक्षांहून अधिक महाराष्ट्रांत होतीं. एवढ्या सर्वांस घरें मिळतील असें म्हणणारा गणित विसरला. गल्लींत वाढलेला प्रौढ कुत्रा, ज्यास चार दारें ठाऊक आहेत व चार दारांस तो ठाऊक आहे, त्याची नसबंदी व लस झाली कीं त्याची गल्ली हेंच त्याचें बरें घर होय. त्यास तिसऱ्या मजल्यावर साखळीनें बांधणें ही दया नव्हे. घर शोधावयाचें तें आईवेगळ्या पिलांस, मोटारीखालीं सांपडून लंगड्या झालेल्यांस, आणि जीं एकदां घरांत वाढून मग टाकलीं गेलीं त्यांस. ह्या शेवटच्या वर्गाचे हाल सर्वांत मोठे. नागपूरच्या वैशाखांत उष्मा ४५ अंशांवर जातो. अशा गांवीं बर्फाळ मुलखांतला केसाळ हस्की हौसेनें विकत आणणारे लोक आहेत, आणि दोन उन्हाळ्यांनंतर तो अंबाझरीच्या वाटेवर सोडून येणारेही आहेत. उलट, ज्याचें शरीर ह्याच हवेनें घडविलें तें गावठी पिलूं ‘जातीचें नाहीं’ म्हणून नाकारलें जातें. जातीचा हा रोग आम्हीं कुत्र्यांपर्यंत नेला आहे.

ह्या कामांत आमच्याही हातून एक चूक झाली आहे. ती येथें कबूल करणें युक्त वाटतें. धंतोलीच्या एका नाल्याच्या कडेला तीन पिलें सांपडलीं होतीं. दोघांची सोय लागली. तिसरें, कानावर काळा ठिपका असलेली एक कुत्री, एका परिचित गृहस्थांनीं पाहिली व ‘आत्तांच द्या’ म्हणून मागितली. मनुष्य सालस, घर प्रशस्त, मुलांस हौस. आम्हीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. खरें सांगावयाचें तर तिसऱ्या पिलाचा भार उतरला ह्याचाच आम्हांस आनंद झाला. घरांतल्या आजींस कुत्र्याचा विटाळ वाटतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण आजींस आम्हीं विचारलेंच नव्हतें. पिलूं गच्चीवर गेलें. उन्हाळा लागला तेव्हां आम्हीं सहज चौकशीस गेलों, तों तें पाण्याच्या टांकीच्या चिंचोळ्या सांवलींत जीभ काढून पडलेलें दिसलें; वाडग्यांतलें पाणी हातास पोळत होतें. गृहस्थ ओशाळले; दोष त्यांचा नव्हता. ती कुत्री आम्हीं परत आणली. पण त्यानंतर कित्येक महिने पायऱ्या चढावयाची वेळ आली कीं ती थरथर कांपे. तिला पहिलें घर आम्हींच दिलें होतें.

तेव्हांपासून आमची अशी समजूत झाली आहे कीं, पिलास घर पाहणें व मुलीस स्थळ पाहणें ह्यांत फारसा भेद नाहीं. स्थळ पाहतांना आपण नुसतें घर पाहत नाहीं. घरांतलीं माणसें पाहतों, बदलीची नोकरी आहे काय, भाड्याची जागा आहे काय, चार दिवस गांवीं गेल्यास मागें कोण, हें सर्व विचारतों. तेंच येथें विचारावें. घरांतल्या प्रत्येक माणसाची संमति घ्यावी. विशेषतः जिच्या हातांत झाडू व स्वयंपाक आहे तिची. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिलूं मागणारास नम्रपणें नकार द्यावा. घरमालक अथवा सोसायटी यांचा अडथळा आहे काय, तें आधींच पाहावें. सोसायटीस प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालींच कळविलें आहे, तें रहिवाशांस सांगावें. आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये. सहाव्या-आठव्या आठवड्यापासून पार्व्हो वगैरे रोगांच्या लसी, तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस, व वयांत येण्याच्या सुमारास नसबंदी, हीं कामें कोण करणार तें आधीं ठरवावें. आणि शेवटीं एक वचन घ्यावें व एक द्यावें: न जमल्यास पिलूं रस्त्यावर सोडणार नाहीं, हें घेणारानें म्हणावें, आणि केव्हांही परत आणल्यास दोष न देतां घेऊं, हें देणारानें म्हणावें. ह्या दुसऱ्या वचनावांचून पहिलें टिकत नाहीं.

मांजराची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे दुर्लक्ष फार. मांजरी आपल्या पिलांस सात घरें फिरविते, अशी आपल्याकडे समजूत आहे. लोक ती थट्टेनें सांगतात. वास्तविक ती बिचारी सुरक्षित जागा हुडकीत असते. आपण जें काम संस्था काढून करूं पाहतों, तें ती तोंडांत पिलूं धरून करते. कुत्रा माणसास चिकटतो, मांजर जागेस चिकटतें. म्हणून नव्या घरीं नेलेलें मांजर पहिले कांहीं दिवस एकाच खोलींत ठेवावें, आणि दोनतीन आठवडे तरी बाहेर सोडूं नये. नाहींतर तें जुन्या जागेच्या शोधांत निघतें व वाटेंत हरवतें. वरच्या मजल्यावर खिडकीस जाळी असावी. मांजरास दूध हवें, हा समज पुस्तकांतल्या चित्रांनीं वाढविला आहे. पुष्कळ पिलांस गाईचें दूध पचत नाहीं, हगवण लागते, आणि दयेनें ठेवलेली बशीच त्यांच्या जिवावर येते. सहा महिन्यांच्या आंतबाहेर मांजरी गाभण राहूं शकते, आणि वर्षांत एकाहून अधिक वेळां विते. तेव्हां नसबंदीवांचून दिलेलें एक मांजर म्हणजे दोन वर्षांत उकिरड्यावर टाकलेलीं वीस पिलें, हा हिशेब अतिशयोक्तीचा नव्हे.

ह्या कामाचें माप काय? अमक्या संस्थेनें अमुक शेंकडा प्राणी ‘दिले’, असे आंकडे आपण वाचतों व संतोष पावतों. आमच्या मतें किती दिले हा प्रश्नच नव्हे. वर्षानंतर त्यांपैकीं किती त्याच घरांत आहेत, हा प्रश्न आहे. दहा पिलें एका सभेंत वांटून टाकणें एका सायंकाळचें काम; एका लंगड्या, काळ्या, चार वर्षांच्या कुत्र्यास त्याचें घर मिळवून देण्यास आठ महिने लागतात, आणि त्या आठ महिन्यांत पांचदां ‘नाहीं’ म्हणावें लागतें. जो नाहीं म्हणूं शकत नाहीं, त्यानें हें काम पत्करूं नये. त्यानें अन्न घालावें, नेमलेल्या जागीं घालावें, व नसबंदीच्या कामांत हातभार लावावा. तेंही थोडें नाहीं.

महाभारताच्या आरंभीं एक कुत्रा आहे आणि अंतीं एक कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रांत एक श्वान आला असतां राजाच्या भावांनीं त्यास विनाकारण मारलें. तेव्हां त्याची माता सरमा हिनें, ज्या अर्थीं निरपराध्यास मारलें त्या अर्थीं न दिसणारें भय तुम्हांस गांठील, असा शाप दिला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या भयानें शहरें आज ज्या रीतीनें दबलेलीं आहेत, तें पाहतां तो शाप पुरा फिटला असें म्हणवत नाहीं. अंतीं मात्र युधिष्ठिर आहे. हिमालयाच्या वाटेवर भाऊ गेले, पत्नी गेली, कुत्रा मागून येत राहिला. आणि इंद्रानें रथांत बोलाविलें तेव्हां, आश्रयास आलेल्यास सोडून मी स्वर्ग घेणार नाहीं, असें धर्मराजानें सांगितलें. त्यानें त्या कुत्र्यास काय खाऊं घातलें, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं. त्यानें त्यास सोडलें नाहीं, एवढेंच सांगितलें आहे.

धंतोलीची ती कुत्री पुढें मानेवाड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. ह्या वेळीं आम्ही चारदां जाऊन आलों, आणि घरांतल्या सर्वांस, म्हणजे बाईंस व त्यांच्या थोरल्या बहिणीस, विचारलें. घर तळमजल्याचें आहे. पायरी एकच आहे.